कॅम्पिंग ट्रेलरमध्ये प्लग पॉइंट वाढवले, त्याची हकिगत

आमच्या कॅम्पिंग ट्रेलरमध्ये दाराजवळ पाच अँपिअरचं एकच सॉकेट होतं. बाकी सगळा कारभार एक्स्टेंशन बोर्डांवर. एक वायर ओट्यावर, एक पलंगाखालून आईच्या उशाशी, एक खिडकीतून बाहेर ताडपत्रीखाली. आईला रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास चालू राहावा म्हणून मास्कमधून हवा देणारं यंत्र) लावून झोपावं लागतं. मुलीचा लॅपटॉप असतो, फोन असतात, थंडीत पहाटे चहाच्या पाण्याला विजेची किटली लागते. हे सगळं त्या एका सॉकेटातून. रात्री कोणी उठलं की पाय वायरीत अडकायचा आणि आईचं मशीन बंद पडायचं. ते मला सहन होईना.

ट्रेलर इंदूरमध्येच बनलेला आहे. लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा, बाहेरून एसीपी शीट (दोन्ही अंगांना अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली), आतून प्लायवूड आणि मध्ये थर्माकोल. आम्ही तो पहिल्या मालकाकडून घेतला आणि जीपमागे लावून महेश्वर, मांडू, हनुवंतियापर्यंत नेला. रचना चांगली, पलंग चांगले, ओटा चांगला. विजेचा विचार मात्र कोणी केलेला दिसत नव्हता.

माझे मामा वीज मंडळाच्या टेस्टिंग विभागातून निवृत्त झाले आहेत आणि आमच्याजवळच, राजेंद्र नगरात राहतात. मी त्यांना म्हटलं, "मामा, सहा-सात पॉइंट वाढवून हवेत. तुम्ही बघाल का?"

ते म्हणाले, "पॉइंट किती ते नंतर सांग. वीज कुठून येणार आणि किती येणार, ते आधी कागदावर लिहून आण."

मला वाटत होतं की हे काम म्हणजे प्लायवूडला चौकोन कापायचा, डबा बसवायचा, वायर ओढायची. मामांच्या त्या एका वाक्याने कामाचा क्रमच बदलला, आणि ते बरंच झालं.

कागदावर मांडलं तेव्हा चित्र असं दिसलं. ट्रेलरला वीज दोन ठिकाणांहून मिळते. एक म्हणजे जिथे मुक्काम असेल तिथल्या सॉकेटातून केबलने येणारी. सॉकेट सोळा अँपिअरचं असेल तर २३० व्होल्टला ३६८० वॅट, आणि साधं सहा अँपिअरचं असेल तर जेमतेम १३८० वॅट. दुसरी वीज आमच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्फत येणारी. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तास, म्हणजे १२८० वॅट-तास. इन्व्हर्टर १००० वॅटचा.

आता वापर. सीपॅपचं ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) बंद ठेवलं तर साधारण ४० वॅट, रात्रभराचे आठ तास धरले तर ३२० वॅट-तास. बॅटरीला ते सहज झेपतं. लॅपटॉप ६५ वॅट, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. आणि किटली? १५०० वॅट. २३० ने भागलं की साडेसहा अँपिअर. म्हणजे ज्या सॉकेटात आम्ही किटली लावत होतो, त्याच्या क्षमतेपेक्षा ती जास्त ओढत होती. इन्व्हर्टरवर तर ती चालणारच नाही. एक लिटर पाणी उकळायला लागणारी ऊर्जा शंभर वॅट-तासांच्या आतबाहेर असते, तेवढी बॅटरीत आहेच. पण किटली ती ऊर्जा काही मिनिटांत मागते. हजार वॅटच्या लोडला बारा व्होल्टच्या बाजूने ऐंशी-नव्वद अँपिअर वाहतात, आणि बोटाएवढ्या जाड वायरी त्यासाठी टाकाव्या लागतात.

यातून एक निर्णय आपोआप झाला: सॉकेटं दोन जातीची. ओट्यावरची दोन सोळा अँपिअरची, फक्त बाहेरच्या विजेवर चालणारी. उशाशी, टेबलापाशी, दाराजवळ आणि बाहेर सहा अँपिअरची, जी बाहेरच्या विजेवरही चालतील आणि इन्व्हर्टरवरही. ओट्यावरच्या प्लेटा करड्या रंगाच्या घेतल्या, बाकीच्या पांढऱ्या. पाहुणा आला तरी त्याला समजावत बसावं लागत नाही. करड्यात किटली, इंडक्शन. पांढऱ्यात बाकी सगळं.

मामांनी त्या कागदावर आणखी एक गोष्ट लाल पेनाने लिहिली: बॅटरीचा चार्जर करड्या सर्किटवर. तो पांढऱ्यावर ठेवला आणि रात्री इन्व्हर्टर चालू केला, तर बॅटरी इन्व्हर्टरमार्फत स्वतःलाच चार्ज करत बसते आणि सकाळपर्यंत रिकामी होते.

मग आम्ही भिंत उघडली.

दाराजवळच्या सॉकेटामागचं प्लायवूड काढलं आणि मामा बराच वेळ टॉर्च धरून नुसतं बघत राहिले. वायर जुन्या घरांत असते तशी एकतारी, जाड तांब्याच्या एकाच तारेची. पाइपाला ड्रिलने भोक पाडून त्यातून ती तशीच नेलेली, भोकाची कड उघडी. त्या कडेवर वायरचं आवरण अर्धं घासून गेलेलं. दोन ठिकाणी जोड नुसता पिळा देऊन टेप गुंडाळलेला, टेपचा गोंद सुटलेला. आणि थर्माकोलमध्ये वायरच्या वाटेने एक खोबण पडलेली, जणू कोणी तापलेल्या सळईने कोरली असावी.

ती खोबण उष्णतेने पडलेली नव्हती. पीव्हीसीला मऊ ठेवण्यासाठी त्यात जे प्लॅस्टिसायझर घालतात, ते थर्माकोलला चिकटून राहिलं की हळूहळू त्यात उतरतं. थर्माकोल खचतो आणि वायरचं आवरण कडक, ठिसूळ होत जातं. मामांनी वायर जरा वाकवली तर आवरणाला चिरा पडल्या. घरांच्या भिंतीत थर्माकोल नसतो, त्यामुळे घरगुती वायरिंग करणाऱ्याला हे सहसा ठाऊकही नसतं. ट्रेलर, कंटेनर, शीतगृह असं काही करायचं असेल तर वायर पाइपातूनच न्यायची, थर्माकोलला लागू द्यायची नाही.

एकतारी वायरचंही तसंच. घराच्या भिंतीत ती वर्षानुवर्षं पडून राहते, कोणी हलवत नाही. ट्रेलर रस्त्यावर सतत हादरत असतो. इंदूरहून महेश्वरकडे जाताना घाटाची उतरण आणि पुढे गावागावांतले गतिरोधक एवढं जरी डोळ्यांसमोर आणलं तरी पुरे. तांबं पुन्हा पुन्हा वाकलं की कडक होतं आणि शेवटी तुटतं. बारीक तारांची, बहुतारी वायर तेच हादरे सोसते, कारण प्रत्येक तार सुटी वाकते. म्हणून जुनं काहीही ठेवायचं नाही, सगळं नव्याने, असं तिथेच ठरलं.

पण सगळ्यात गंभीर गोष्ट अजून दिसायची होती. मामांनी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवला (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो आवाज देतो), एक टोक सॉकेटाच्या अर्थच्या भोकात आणि दुसरं सांगाड्याच्या उघड्या लोखंडावर. आवाज आला नाही. अर्थची हिरवी वायर सॉकेटापर्यंत आलेली होती, सांगाड्याला मात्र कुठेच जोडलेली नव्हती.

याचा अर्थ मामांनी मला समजावला तो इथे नीट लिहितो, कारण हे संपूर्ण काम त्याच्यासाठीच होतं असं मला आता वाटतं. ट्रेलर रबरी टायरांवर उभा असतो. आत कुठे घासलेल्या वायरचा फेज सांगाड्याला लागला, तर वीज जमिनीत जायला वाट नसते. एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, दिवे चालू राहतात, आत बसलेल्यांना काही कळतही नाही, कारण त्यांच्याभोवतीचं सगळंच लोखंड एकाच व्होल्टेजला असतं. मग कोणीतरी ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून दाराच्या लोखंडी पायरीला हात लावतं, आणि जमिनीकडे जाणारी वाट त्या माणसाच्या शरीरातून तयार होते. आमची मुलगी पावसात त्याच पायरीवर बसून पाय धुते.

त्या भोकाच्या कडेवर लोखंड आणि तांबं यांच्यात कागदाएवढं आवरण उरलं होतं.

खरेदी महाराणी रोडवर केली. विजेच्या सामानासाठी इंदूरकर तिथेच जातात. स्क्रू, रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेत बसणारी कडी), क्लॅम्प असं किरकोळ सियागंजात. यादी मोठी नव्हती. ओट्याच्या सर्किटला २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बाकीला १.५, सांगाड्याच्या अर्थला ४ ची हिरवी. सगळ्या बहुतारी, आयएसआय खुणेच्या, आग सहजी पसरू न देणाऱ्या एफआर जातीच्या. शटर असलेली सॉकेटं. बाहेरच्यासाठी झाकणाचं, पावसात चालणारं सॉकेट. वायरच्या टोकांना लावायचे लग आणि ते दाबायची क्रिम्पिंगची पकड.

आरसीसीबी मागितला तेव्हा दुकानदाराने हात थांबवला. "भिया, ट्रेलर में ये कौन लगाता है? एमसीबी लगाओ, काफी है."

मामांनी त्याला शांतपणे सांगितलं की एमसीबी वायरला वाचवतो, हा माणसाला वाचवतो. मला ते तोवर स्पष्ट नव्हतं. एमसीबी पाहतो की प्रवाह फार जास्त झाला का. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळाच्या बराच वर गेल्यावर पडतो. माणसाचा जीव घ्यायला अँपिअरचा छोटासा अंश पुरतो, आणि तेवढ्याने एमसीबीला काहीच फरक पडत नाही. आरसीसीबी वेगळी गोष्ट पाहतो: फेजमधून जेवढी गेली तेवढीच न्यूट्रलमधून परत आली का? ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणाच्या अंशात वीज तोडतो, कारण तो फरक कुठेतरी भलतीकडे गळतोय. मात्र जास्त लोडपासून आरसीसीबी वाचवत नाही, म्हणून दोन्ही लागतात. आम्ही ३० मिलिअँपिअरचे दोन आरसीसीबी घेतले. दोन का, ते पुढे येईल. सगळ्या सॉकेटांची मिळून जेवढी किंमत झाली त्याहून या दोघांची जास्त झाली, आणि मामांनी त्यावर घासाघीस करू दिली नाही.

एमसीबीही डबल पोलचे घेतले, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतात. घरात सिंगल पोल चालतो, कारण घराचा फेज कुठे आहे ते ठरलेलं असतं. ट्रेलर आज या शेतावर तर उद्या त्या धर्मशाळेत. कुठल्या सॉकेटात फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले निघतील, सांगता येत नाही. तिथे सिंगल पोल एमसीबी पाडला तरी आतली वायर जिवंतच राहते.

वीज आत घ्यायची जागाही बदलली. पूर्वी फरशीतल्या भोकातून एक लांब वायर बाहेर यायची आणि तिच्या टोकाला साधा तीन पिनी प्लग. आता बाहेरच्या अंगाला निळा इंडस्ट्रियल इनलेट बसवला आहे, सोळा अँपिअरचा, झाकणाचा. त्याच्या पिना खोबणीत आत असतात, केबलच्या टोकाला भोकांचा कनेक्टर. त्यामुळे चुकून केबल निघाली तरी जिवंत बाजूला उघडी पिन कधीच नसते. जुन्या सामानात आम्हाला दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर सापडली होती, जनरेटरची वीज सॉकेटातून उलटी आत सोडण्यासाठी केलेली. एक टोक लावलं की दुसऱ्या टोकाच्या पिना हातात जिवंत. मामांनी ती उभ्या-उभ्या मधोमध कापली आणि दोन्ही प्लगही तोडून टाकले, म्हणजे कोणी पुन्हा जोडायला नको.

प्रत्यक्ष काम सुरू झालं ते डब्यांच्या जागा आखण्यापासून. प्लायवूडमागे पाइप कुठे आहे ते लोहचुंबक फिरवून कळतं. जिथे चुंबक ओढला जातो तिथे पेन्सिलने रेघ. ड्रिलच्या बिटवर हव्या तेवढ्या लांबीवर टेपचा वेढा मारला, म्हणजे बिट प्लायवूड आणि थर्माकोल ओलांडून बाहेरच्या एसीपी शीटला भोक पाडणार नाही. बाहेरच्या शीटला नको तिथे भोक पडलं की पाणी आत शिरतं, आणि प्लायवूड कुजायला लागलं तरी ते वरून दिसत नाही.

वायरी लवचीक पीव्हीसी पाइपातून नेल्या. लोखंडातून जिथे जायचं तिथे भोकाची कड कानसीने घासून रबरी ग्रोमेट बसवला, पाइपासकट. दर हातभर अंतरावर क्लॅम्प. २३० व्होल्टच्या वायरी आणि बारा व्होल्टच्या वायरी वेगवेगळ्या पाइपांतून, ट्रेलरच्या वेगवेगळ्या बाजूंनी. बारा व्होल्टच्या दिव्यांची वायर पातळ आवरणाची असते. ती २३० च्या शेजारी घासत राहिली आणि एकमेकींना लागली तर बारा व्होल्टची प्रत्येक गोष्ट धोक्यात येते. मधे कुठेही जोड नाही. प्रत्येक वायर डब्यापासून डब्यापर्यंत अखंड, आणि डब्यात वळसा शिल्लक ठेवलेला.

वायरच्या टोकांबद्दल माझा आणि मामांचा थोडा वाद झाला. बारीक तारा विस्कटू नयेत म्हणून मी टोकांना कथील लावावं म्हणत होतो, शाळेत तसंच शिकलो होतो. मामा म्हणाले, "अरे, कथील मऊ असतं. स्क्रूखाली दाबलं की हळूहळू पसरतं. पसरलं की स्क्रू सैल, सैल झालं की तिथे गरम, गरम झालं की आणखी सैल. लग लाव." प्रत्येक टोकाला लग दाबून, ओढून पाहून, मगच स्क्रू. याला वेळ लागतो. माझी बोटं दुखली, पण आता कुठलाही डबा उघडला की आतली मांडणी बघून बरं वाटतं.

४ ची हिरवी वायर डीबीच्या (एमसीबी, आरसीसीबी बसवलेल्या पेटीच्या) अर्थबारपासून सांगाड्यापर्यंत नेली. सांगाड्यावरचा रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं, तिथे बोल्ट, दातेरी वॉशर, लग, नट, आणि वरून ग्रीस, गंज धरू नये म्हणून. रंगावर बोल्ट आवळला तर तो घट्ट दिसतो, पण वीज त्यातून जाईलच याचा भरवसा नाही. ओट्याची स्टीलची चौकट, दाराची पायरी, ओढदांडा यांनाही तपासून घेतलं. पायरी बिजागरीवर होती आणि बिजागरीला गंज, म्हणून तिला स्वतंत्र वायर दिली.

यानंतर आला इन्व्हर्टर. कामाचा हा भाग सर्वांत अवघड, आणि बहुतेक ट्रेलरांत तो वगळलेलाच असतो असं मामांचं मत.

घरच्या विजेचा न्यूट्रल रोहित्रापाशी जमिनीशी जोडलेला असतो. म्हणून फेज माणसाला लागला तर वाट जमिनीतून परत रोहित्राकडे पूर्ण होते, आरसीसीबीला फरक दिसतो, तो पडतो. इन्व्हर्टरच्या दोन्ही वायरी मात्र तरंगत असतात, कुठेच जमिनीला जोडलेल्या नसतात. एका वायरीचं आवरण जाऊन ती सांगाड्याला लागली तर काहीच होत नाही. ऐकायला बरं वाटतं, पण त्या बिघाडाची खूणही कुठे उमटत नाही. मग कधीतरी दुसरी वायर कुठे उघडी पडली, कोणी तिला हात लावला, आणि दुसरा हात सांगाड्यावर असला, तर पूर्ण २३० व्होल्ट अंगातून. तेव्हाही आरसीसीबी पडत नाही, कारण जेवढी वीज एका वायरीने गेली तेवढी दुसरीने परत आली.

उपाय असा की इन्व्हर्टरच्या बाजूला त्याचा न्यूट्रल सांगाड्याला जोडायचा, आणि त्याच्या पुढे त्याचा स्वतःचा आरसीसीबी. पण बाहेरची वीज आत येत असताना हा जोड त्या विजेच्या न्यूट्रलला लागलेला चालत नाही, कारण तिचा न्यूट्रल तिकडे आधीच जोडलेला असतो. इथे पुन्हा जोडला तर परतीची वीज सांगाड्यातूनही वाहू लागते आणि आरसीसीबी सारखा पडत राहतो. म्हणून मध्ये डबल पोल चेंजओव्हर स्विच, जो फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम बदलतो आणि ज्याच्यात दोन्ही विजा एकत्र येणं शक्यच नसतं. तो इन्व्हर्टरकडे फिरवला की जोड इन्व्हर्टरसह येतो, बाहेरच्या विजेकडे फिरवला की इन्व्हर्टरसह बाजूला होतो. दोन आरसीसीबी लागले ते यासाठी, एक बाहेरून येणाऱ्या विजेवर आणि एक इन्व्हर्टरवर.

इथे कोणी घाई करू नये. काही स्वस्त इन्व्हर्टरांच्या दोन्ही टोकांना अर्धं-अर्धं व्होल्टेज असतं. त्यांचं एक टोक सांगाड्याला जोडलं की इन्व्हर्टर जळतो. मामांनी आमच्या इन्व्हर्टरचं माहितीपत्रक वाचलं, न्यूट्रल जोडायला परवानगी आहे हे त्यात स्पष्ट लिहिलेलं पाहिलं, तेव्हाच पुढे गेले. हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावं, आणि त्यालाही हा प्रश्न आधी विचारावा: इन्व्हर्टरवर आरसीसीबी पडेल का? त्याचं उत्तर त्याच्याकडे नसेल तर दुसरा माणूस शोधावा.

डीबीत आणखी एक लहान यंत्र बसवलं, व्होल्टेज फार वाढलं किंवा फार कमी झालं तर वीज तोडणारं, आकडा दाखवणारं. खेड्यांतल्या तीन फेजच्या लाइनीत न्यूट्रल कुठे सैल झाला तर एका फेजवर ३०० च्या वर व्होल्ट येऊ शकतात. आईचं मशीन तेवढ्याने जाईल.

वीज सोडण्याआधी तपासणी. सगळी उपकरणं काढून मामांनी ५०० व्होल्टचा मेगर (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) लावला. फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ, फेज ते न्यूट्रल. निदान एक मेगाओम हवा. आमच्याकडे काटा पार टोकाला गेला. मग प्रत्येक सॉकेटाच्या अर्थच्या भोकापासून सांगाड्यापर्यंत मल्टिमीटर. प्रत्येक वेळी आवाज आला. आरसीसीबीचं चाचणीचं टी बटण दाबलं, पडला. पण टी बटण फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासतं, अर्थची वायर तपासत नाही, म्हणून मामांनी त्यांच्या टेस्टिंगच्या पेटीतला रेझिस्टन्स फेज आणि अर्थमध्ये लावून मुद्दाम गळती केली. दोन्ही आरसीसीबी पडले, बाहेरच्या विजेवर एक आणि इन्व्हर्टरवर दुसरा. शेवटी किटली आणि इंडक्शन आळीपाळीने लावून, बरंच चालवून, प्रत्येक प्लगला हात लावून पाहिलं. गरम कुठेच नाही.

नंतर महेश्वरजवळ एका ओळखीच्यांच्या शेतावर मुक्काम केला, तेव्हा या सगळ्याचा उपयोग लगेच दिसला. मामा सोबत होते. शेतावरच्या खोलीतल्या सॉकेटात त्यांनी आधी टेस्ट लॅम्प लावला. फेज ते न्यूट्रल पेटला, फेज ते अर्थ नाही. सॉकेटाची अर्थ पिन नुसती शोभेची. आमचा सांगाडा त्या पिनेवर विसंबून असता तर एवढं सगळं करून तो पुन्हा पहिल्यासारखाच तरंगत राहिला असता.

म्हणून आता ट्रेलरमध्ये तांब्याचा मुलामा असलेला अर्थिंगचा रॉड असतो. तो जमिनीत ठोकायचा, वायरने सांगाड्याला जोडायचा. घरासाठी अर्थ फार चांगला लागतो, पण ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असताना हिशेब सोपा होतो. सांगाड्यावर ५० व्होल्टपेक्षा जास्त येऊ द्यायचे नाहीत असं धरलं, तर ५० भागिले ०.०३, म्हणजे साधारण १६६७ ओम. त्याहून बराच चांगला अर्थ ओलसर मातीत एका रॉडने मिळतो. फक्त माती कुठली ते पाहायचं. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि रॉडभोवती पोकळी होते. तिथे बादलीभर पाणी ओतून माती दाबून घ्यावी लागते. मांडूला वर पठारावर बऱ्याच ठिकाणी वीतभर मातीखाली काळा बेसॉल्ट लागतो, रॉड आत जातच नाही. तिथे सॉकेटाचा अर्थ तपासून चांगला निघाला तरच आम्ही केबल लावतो, नाहीतर रात्र इन्व्हर्टरवर काढतो आणि किटलीऐवजी गॅसवर पाणी ठेवतो.

केबलबद्दल एवढंच: तीस मीटर लांब घेतली, २.५ ची, तीन कोअरची, रबरी आवरणाची. दहा अँपिअरला तिच्यात जेमतेम पाच व्होल्ट जातात, १.५ ची घेतली असती तर आठ गेले असते. किटली चालवायची तर ती पूर्ण उलगडायची. गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही आणि आतले वेढे मऊ होऊ लागतात.

आईच्या उशाशी आता सॉकेट आहे, पलंगाच्या कडेला, हात पोचेल असं. तिच्या मशीनची वायर जमिनीला लागत नाही. "एवढं सगळं माझ्या एका मशीनसाठी?" असं तिने विचारलं तेव्हा मामांनी तिला पायरीची ती वेगळी हिरवी वायर दाखवली.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी दोन्ही टी बटणं दाबतो आणि अर्थची कंटिन्युइटी पाहतो. घाटाची मोठी फेरी झाली की डीबी उघडून स्क्रू आवळून घेतो. पहिल्या फेरीनंतर थोडे सैल निघाले होते, त्यानंतर नाही. बाहेरच्या सॉकेटाचं झाकण उन्हाने पिवळं पडलंय, ते पावसाळ्याआधी बदलायचं आहे. मामांनी आता छतावर सोलरचा विषय काढला आहे. त्यासाठी एसीपी शीटला वरून भोकं पाडावी लागतील, म्हणून आधी पाणी आत न शिरू देणारे केबल ग्लँड आणि चांगलं सीलंट कुठलं ते आम्ही दोघं शोधतो आहोत.